कडीवरची गाठ

मित्रांनो, मी एक जुनी झोळी आहे. आता अर्धीच उरले आहे. माझ्या पोटात तीन लेकरं निजली. त्यातलं तिसरं माझ्यातून पडलं. ते पडलं तेव्हा खाली काय होतं, हे घरातल्या दोघींनीच पाहिलं. एक मी, आणि दुसरी साडेचार वर्षांची एक पोर. ती पोर लहान आणि मी मुकी. म्हणून ही गोष्ट उशिरा उजेडात आली, आणि उशीर झाला की काय होतं तेच मला सांगायचं आहे.

झोळी होण्याआधी मी लुगडं होते. मोहाडीकडच्या एका कोष्ट्याच्या मागावर मी विणली गेले. माझा रंग पिकल्या जांभळाचा आणि काठ कुंकवाचा. मला विकताना कोष्टी म्हणाला होता, "नेसनारी म्हातारी होईल बाई, लुगडं होनार नाई." विकणारे असं म्हणतातच. करडी गावच्या आनंदाबाई हसल्या आणि मला घेऊन घरी आल्या.

त्यांची लेक कुंता अठरा वर्षांची झाली, तिच्यासाठी पाहुणे येऊ लागले, आणि त्याच वर्षी आनंदाबाईंना पुन्हा दिवस गेले. लाजेनं त्या चार महिने विहिरीवर फिरकल्या नाहीत. मुलगी झाली. नाव ठेवलं डिंपल. आनंदाबाई बाळंतपणानं खचल्या होत्या, म्हणून त्या तान्हीला सांभाळणं कुंताच्या अंगावर पडलं. कुंतानं मला पेटीतून काढलं, दुहेरी केलं, माझी दोन्ही टोकं घराच्या सागवानी मयालीला, म्हणजे मोठ्या तुळईला बांधली, आणि मी झोळी झाले.

आनंदाबाईंचा एक नेम होता. दर अवसेला त्या माझी गाठ सोडायला लावत. मला दिवसभर उन्हात टाकत आणि संध्याकाळी वीतभर सरकवून नव्या जागी गाठ मारायला लावत. कुंता कंटाळायची.

"अवं माय, चांगली घट्ट हाये गाठ. काहून सोडाची?"

"घट्ट हाये म्हनूनच सोडाची," आनंदाबाई म्हणायच्या. "कापड गाठीतच मरते बाई. वरून दिसत नाई."

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. कुंताच्याही ते लक्षात होतं. विसरून चूक झाली असती तर मला इतकं वाईट वाटलं नसतं.

वर्षभरानं कुंताचं लग्न झालं. ती अड्याळला गेली. तिला मूलबाळ झालं नाही. सात वर्षांपूर्वी नवराही गेला. मग तिनं घरापुढे मुरमुऱ्यांची भट्टी टाकली. बाजाराच्या दिवशी तिच्या टोपल्याभोवती पोरांचा गराडा पडायचा आणि ती प्रत्येकाच्या हातावर मूठभर मुरमुरे फुकट ठेवायची, असं मी ऐकलं आहे. मी तेव्हा पेटीत होते, कडुनिंबाच्या सुक्या पाल्यात. आनंदाबाई गेल्यावर ती पेटी डिंपलकडे आली, साकोलीजवळच्या तिच्या सासरी.

डिंपलचं घर म्हणजे नवं घरकुल. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी. मयाल नाही. स्लॅबमधून लोखंडाची एक कडी बाहेर आलेली होती, पंख्यासाठी ठेवलेली. त्या कडीला मला बांधलं. सागवानाला माया असते हो, ते कापडाला घासत नाही. लोखंड घासतं. पण डिंपलचं पहिलं लेकरू, गुंजन, माझ्यात निजून मोठं झालं. मग आला गोलू. माझे दिवस पुन्हा सुरू झाले.

डिंपलचं नर्सिंगचं शिक्षण एका वर्षावर अडलेलं होतं. गुंजनच्या वेळी सुटलं ते सुटलंच. यंदा नागपूरहून निरोप आला, आता पूर्ण करा, नाहीतर पहिलं सगळं वाया. नवरा घनश्याम राइस मिलमध्ये. दिवाळीनंतर धान कापून आलं की मिलमध्ये त्याला मान वर करायला फुरसत नसते. सासू-सासरे नाहीत. गोलू आठ महिन्यांचा. डिंपलनं अड्याळला फोन लावला. फोनवर ती नुसती रडली.

दुसऱ्या दिवशी कुंताबाई दारात उभी. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मुरमुऱ्यांचं गाठोडं.

"भट्टीचं काय केलं, बाई?" डिंपलनं विचारलं. ती मोठ्या बहिणीला बाई म्हणते.

"इझवली. भट्टी पेटवता येते मंग. तुयं वरीस नाई पेटत." मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पंचेचाळीस वर्षांची ती बाई एकदम पोरीसारखी हसली. "अवं, हे त आपल्या मायचं लुगडं! ह्याच्यातच तुले हलवलं मी. काय रडकी होती तू, बापा!"

गुंजन आईच्या मागे लपून विचारत होती, "ही कोन हाये?"

"मी तुयी मोठीमाय," कुंताबाई म्हणाली. आमच्याकडे आईच्या मोठ्या बहिणीला मोठीमाय म्हणतात. गुंजननं मुरमुऱ्यांचं गाठोडं पाहिलं आणि नातं मान्य केलं.

निघायच्या दिवशी सकाळी डिंपलनं मला धुऊन वाळवलं आणि पुन्हा कडीला बांधलं. तिनं गाठीवर गाठ मारली, वरून गुंजनच्या वेणीची लाल रिबीन गुंडाळली. "माही आठवन," ती म्हणाली, आणि गोलूच्या पायाचा मुका घेऊन मागे न पाहता बस स्टॉपकडे चालायला लागली. दर महिन्याला येईन असं सांगून गेली होती.

पुढचे दिवस मला आठवतात ते हातांवरून. कुंताबाईचे हात भट्टीनं भाजून खरखरीत झालेले, पण गोलूच्या पाठीखाली ते जात तेव्हा पिसासारखे होत. सकाळी गुंजनची वेणी. वेणी घालताना गुंजन पळायची, आणि एक पेड घालून दुसऱ्यासाठी कुंताबाई तिच्यामागे अंगणभर धावायची. मग गोलूचं न्हाणं, त्याची पेज, गुंजनला अंगणवाडीत सोडणं, घनश्यामचा डबा. बसायला म्हणून जागा नाही. गोलूचे दात येत होते. तो दिवसभर किरकिरायचा, गुंजनचं डोकं फिरायचं, ती ताट भिरकावायची. एकदा तिनं पाण्याच्या गुंडात, म्हणजे पितळी घागरीत, घनश्यामचा मोबाईलच घातला. कुंताबाई भिंतीला टेकून खाली बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी भट्टीपुढं बसत होती ते सुख होतं व," ती मला म्हणाली. घरात मोठं माणूस नव्हतंच दुसरं, म्हणून मला म्हणाली.

पण त्याच संध्याकाळी गोलूनं माझा काठ मुठीत धरला, दोन पायांवर उभा राहिला, लटपटला, आणि उभाच राहिला. कुंताबाईनं टाळ्या वाजवल्या. गुंजननं ताट वाजवलं. मी कापड असूनही ताठ झाले, त्याचा तोल जाऊ नये म्हणून.

त्याला निजवताना ती जुनाच सूर धरायची, शब्द नवे जोडायची.

निज निज रे लेकरा, बोडीवर चरे गाय,
सांजच्या मोटारीनं येते तुयी माय.
निज निज रे राजा, बोडीवर उतरे ऊन,
उद्याच्या मोटारीनं माय येते नागपूरहून.

बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. ती घरामागेच होती. मोटारी रोज येत होत्या. माय येत नव्हती. पहिल्या महिन्यात चाचणी परीक्षा आली. दुसऱ्या महिन्यात सोबतची मुलगी आजारी पडली, तिची ड्युटी डिंपलच्या गळ्यात पडली. उरला फोन. आणि त्या फोनवरच पहिला काटा रुतला.

व्हिडिओ कॉल होता. डिंपल पडद्यावर, पांढऱ्या कपड्यांत, टाळ्या वाजवून बोलावत होती, "गोलू, ए गोल्या, पाह्य इकडं!" गोलूनं पडद्याकडे एकदा पाहिलं. मग तोंड फिरवलं, कुंताबाईच्या खांद्यात डोकं खुपसलं आणि स्पष्ट म्हणाला, "मा."

पलीकडे डिंपलचा चेहरा तसाच राहिला, हसरा, पण डोळे विझले.

"मी नाई रे बापा," कुंताबाई घाबरून त्याची हनुवटी वळवू लागली. "ते पाह्य तुयी माय! पाह्य न!" गोलू रडायला लागला. डिंपल म्हणाली, "राहू दे बाई, वॉर्डात जायचं हाये," आणि फोन कापला.

शेजारच्या निर्मलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हे ऐकलं. "कुंते, दुसऱ्याच्या वासराले कितीही चाटलं तरी दावं त्याच्या धन्याच्याच हाती राह्यते बरं."

"माही जीभ झिजू दे न मंग, तुमचं काय जाते?" कुंताबाई हसून बोलली. पण घरात येऊन ती बराच वेळ माझ्या गाठीकडे पाहत राहिली.

त्या आठवड्यात अवस होती. सकाळीच तिनं स्टूल आणलं, वर चढली, गाठीला हात लावला. मला हायसं वाटलं. गेले कित्येक दिवस ती कडी मला चावत होती. आत कुठेतरी एकेक धागा तुटल्याचं मला कळत होतं. पण तिचा हात लाल रिबिनीवर थांबला.

"सोडून राहिली का, मोठीमाय?" खालून गुंजननं विचारलं.

कुंताबाई स्टुलावर तशीच उभी. "नाई. ही तुया आईच्या हातची गाठ हाये. आई आली का तेच सोडल." आणि हळूच, जणू स्वतःलाच, "एवढी एक तरी वस्तू तिची राहू दे घरात."

ती खाली उतरली. आणि मित्रांनो, मी ओरडू शकले नाही.

दुसरी अवस आली. त्याही वेळी ती स्टूल घेऊन आली, वर पाहिलं, स्टूल परत नेऊन ठेवलं. खालून तिनं मला दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. मी घट्ट होते. वरून दिसत नाही.

संक्रांत दोन दिवसांवर होती. डिंपल त्या दिवशी नक्की येणार होती. कुंताबाईनं तीळ भाजून ठेवले होते. दुपारचं ऊन दारातून आत आलं होतं. गोलू माझ्यात जागा होता, पाय झाडत होता. कुंताबाई माझ्याजवळच फरशीवर बसून सुपात तांदूळ पाखडत होती आणि पायाच्या अंगठ्यात माझी दोरी धरून मला हलवत होती. गुंजन तिच्या मांडीला टेकून बाहुलीला निजवत होती.

गोलू उभा राहायला गेला. आठवड्यापासून त्याला तोच नाद लागला होता. त्याचं सगळं वजन एका बाजूला आलं. कडीपाशी काहीतरी फाटलं. तो आवाज माझा होता.

माझी एक बाजू गेली. गोलू घसरत खाली आला. कुंताबाईनं सूप फेकलं, पण उठायला वेळ नव्हता. ती बसल्या जागेवरून आडवी झाली आणि तिचा उजवा हात पुढे गेला. गोलूचं डोकं फरशीवर नाही पडलं. ते तिच्या मनगटावर पडलं, आणि मनगट फरशी आणि डोक्याच्या मधे होतं. मी काहीतरी मोडल्याचं ऐकलं. मग गोलूची भुवई सुपाच्या काठाला लागली आणि रक्त आलं.

रक्त दिसलं की दुसरं काही दिसत नाही. निर्मलाबाई धावत आल्या, त्यांनी ऑटो बोलावला. कुंताबाई डाव्या हातानं लेकराला छातीशी धरून बसली. उजवा हात तिनं पदरात घेतला होता. गुंजन कोपऱ्यात थिजून उभी होती.

भुवईवर तीन टाके पडले. डोक्याला मार नव्हता. डॉक्टर म्हणाले, डोकं वाचलं हे नशीब. हे मी घनश्यामच्या तोंडून ऐकलं. नशीब म्हणाले. ते नशीब पदराखाली सुजत होतं.

संध्याकाळच्या मोटारीनं डिंपल आली. ज्या मोटारीचं गाणं रोज चालायचं तीच. तिनं गोलूला घेतलं. तो तिच्याकडे जाईना. मोठीमायकडे हात करून रडू लागला. तिथं सगळं बिघडलं.

"कुठं लक्ष होतं तुयं, बाई?"

"जवळच होती मी, डिंपल."

"जवळ होती अन् पडला? झोळी पाह्यली नाई का? मायनं जन्मभर काय शिकवलं आपल्याले?"

कुंताबाईनं उजवा हात पदरात आणखी आत घेतला. ती सांगू शकली असती. गाठ का सोडली नाही ते सांगू शकली असती. पण ते सांगायचं म्हणजे म्हणायचं की तुझ्याचसाठी झालं. ते तिच्या तोंडून निघेना. डिंपल दोन महिन्यांची थकलेली, घाबरलेली, आणि पडद्यावरचं ते 'मा' अजून उराशी धरून बसलेली.

"पोटचं असतं न, तं समजलं असतं तुले," डिंपल म्हणाली.

घनश्यामनं मान खाली घातली. बोलणारीलाही आपलं बोलणं ऐकू आलं, पण सुटलेला शब्द कोण धरणार?

कुंताबाईनं डाव्या हातानं पिशवी भरली. भाजलेले तीळ डब्यात घातले, झाकण लावलं. "मुरमुरे वरच्या फळीवर आहेत. गुंजनले गूळ लावून देजो," एवढं बोलून ती निघाली. गुंजन फाटकापर्यंत धावली. मोठीमाय मागे वळली नाही.

मी अर्धी कडीला लटकत होते, अर्धी फरशीवर. माझ्याकडे पाहायला कुणाला जीव नव्हता.

संक्रांत आली तशी गेली. डिंपलनं रजा वाढवून घेतली. तिकडून फोन येत होते, आणखी चार दिवस गेले तर परीक्षेला बसता येणार नाही म्हणून. गोलू रात्रंदिवस रडे. डिंपल त्याला मांडीवर घेऊन मोठीमायचं गाणं म्हणून पाही, तर शब्द अर्ध्यावर संपत. नव्या ओळी तिला ठाऊकच नव्हत्या. गुंजननं बोलणं सोडलं होतं. ती फक्त बाहुली खाली पाडायची आणि तिच्या डोक्याखाली आपला हात घालायची. पुन्हा पाडायची, पुन्हा हात घालायची. कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आठव्या दिवशी सकाळी डिंपलनं स्टूल ओढलं. मला कडीवरून काढून फेकून द्यायचं तिच्या मनात होतं. तिनं गाठीला हात घातला.

"नको सोडू!" गुंजन किंचाळली. आठ दिवसांतला तिचा पहिला शब्द.

"काहून व?"

"मोठीमाय म्हने, ते आईच्या हातची गाठ हाये. आई आली का तेच सोडल. मोठीमाय दोनदा चढली स्टुलावर. नाई सोडली."

"मंग आई आली न, बापा," डिंपल म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली. तिनं लाल रिबीन पाहिली. आपलीच गाठीवर गाठ पाहिली. दोन अवसा तिनं बोटांवर मोजल्या.

गुंजननं बाहुली पाडली आणि हात खाली घातला. "गोलूचं डोकं असं पडलं. मोठीमायच्या हातावर. कट् वाजलं."

डिंपल स्टुलावरच बसली. नर्सिंग शिकणारी बाई ती. कट् वाजणं म्हणजे काय ते तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. पिशवी भरताना बहिणीचा एकच हात चालत होता, हेही आता तिला आठवलं असेल. तिनं मला गाठीसकट कडीवरून ओढून काढलं, पिशवीत कोंबलं, दोन्ही लेकरं घेतली आणि अड्याळची बस गाठली.

कुंताबाई भट्टीपुढे होती. डाव्या हातानं कढईत वाळू हलवत होती. उजवं मनगट हळद लावून जुन्या फडक्यानं बांधलेलं, निळं पडलेलं. गोलू डिंपलच्या कडेवरून तिच्याकडे झेपावला. तिनं त्याला घेतलं नाही. नुसती बघत राहिली.

"दाखव," डिंपल म्हणाली.

"काय हाये दाखवाले? मोच हाये."

"बाई, दाखव मले."

तिनं तो हात हातात घेतला, बोटांनी चाचपला. कुंताबाईनं ओठ दाबला. हाड सरकलं होतं आणि आठ दिवसांत तसंच धरू लागलं होतं.

"सांगितलं काहून नाई?"

"लेकराले टाके पडले होते व. मी माहा हात कायले दाखवू?"

डिंपलनं खालची मान वर केली नाही. "मी जे बोलली..."

"बोलली त बोलली," कुंताबाई म्हणाली. पण तिनं 'विसर' म्हटलं नाही, आणि तिच्या आवाजात पूर्वीचं हसू आलं नाही. ते अजूनही आलेलं नाही, मित्रांनो. खोटं सांगून तुम्हाला घरी पाठवणार नाही मी.

मग दोघी ओट्यावर बसल्या आणि माझी गाठ सोडू लागल्या. तीन हात होते दोघींत. दाभण लावलं, दात लावले. गाठ सुटली तेव्हा आतलं कापड बाहेर आलं आणि त्या दोघी बघतच राहिल्या. आत माझा रंग जसाच्या तसा होता, पिकल्या जांभळाचा, मागावरून काल उतरल्यासारखा. आणि त्याच्या अगदी शेजारी, कडी जिथं चावत होती तिथं, गंजानं खाल्लेले धागे, विरलेले, भुरकट राखेसारखे. डिंपल त्या दोन्हींवरून बोट फिरवत राहिली.

त्या दुपारी ते सगळे भंडाऱ्याला गेले. मनगट पुन्हा बसवावं लागलं. ते सरळ झालं, पण पूर्ण वळत नाही. कुंताबाईला आता सुपानं पाखडता येत नाही. डिंपल नागपूरला परतली आणि परीक्षेला बसली. लेकरं तिचं वर्ष संपेपर्यंत अड्याळलाच आहेत, भट्टीजवळ. घनश्याम रविवारी येतो. गोलू निजतो जमिनीवर, माझ्या उरलेल्या भागाच्या गोधडीवर. झोळी पुन्हा बांधायची नाही असं कुंताबाईनं सांगितलं आणि कुणी आग्रह केला नाही. निजवताना ती गाते, पण मोटारीची ओळ आता गाळते.

मित्रांनो, जुन्या कापडाला जपा, म्हणजे त्याची गाठ अधूनमधून सोडून पाहा, मग ती कुणाच्याही हातची असो. आणि तुमच्या घरी कुणी मोठीमाय, मावशी, आत्या आपली भट्टी विझवून लेकरं सांभाळायला आली असेल, तर आणखी एक करा. लेकरू पडलं की सगळे लेकराकडे धावतात, धावावंच. पण त्याला उचलून झालं, रक्त पुसून झालं, की बोलायला तोंड उघडण्याआधी एकदा तिच्याकडे वळा, आणि तिचा पदरात घेतलेला हात बाहेर काढून पाहा.